उघडे पडलेले पितळ : कॅमेऱ्यावरील झीज आणि अस्सलतेचा प्रश्न

१

एखाद्याचे 'पितळ उघडे पडले' असे मराठीत म्हटले जाते, तेव्हा त्याचे ढोंग उघडकीस आले असा अर्थ असतो. सोन्याचा मुलामा दिलेली वस्तू वापराने झिजते, आतले पितळ दिसू लागते आणि इतके दिवस सोने म्हणून मिरवलेल्या गोष्टीचे खरे मोल चारचौघांत कळते, हे या वाक्प्रचारामागचे चित्र आहे. हिंदीतील 'कलई खुलना' हा प्रयोगही याच जातीचा आहे. तेथे निघून जातो तो कथिलाचा थर. उरते ती तीच नाचक्की. दोन्ही भाषांच्या अनुभवविश्वात वरचा थर झिजणे म्हणजे सत्य बाहेर येणे होय, आणि बाहेर आलेले हे सत्य लाजिरवाणे आहे.

छायाचित्रणाच्या वस्तुसंस्कृतीत मात्र याच घटनेला नेमका उलटा अर्थ प्राप्त झाला आहे. काळ्या रंगाचा जुना लायका किंवा निकॉन एफ कॅमेरा कडांवर झिजून त्याखालचे पितळ दिसू लागले की जाणकार त्यास दोष मानत नाहीत. इंग्रजी व्यवहारात 'ब्रासिंग' या नावाने ओळखली जाणारी ही झीज कॅमेऱ्याच्या सच्चेपणाची ग्वाही समजली जाते. एके ठिकाणी उघडे पडलेले पितळ खोटेपणा सिद्ध करते, तर दुसरीकडे तेच पितळ अस्सलता सिद्ध करते. हा विरोध केवळ दोन संस्कृतींच्या अभिरुचीतील फरक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. वस्तूवरील खूण कोणत्या अटींवर 'अर्थ' धारण करते आणि कोणत्या क्षणी तो अर्थ गमावते, हा तौलनिक साहित्याभ्यासाचाही प्रश्न आहे. कारण झिजलेल्या वस्तूचे वाचन हे संहितेच्या वाचनाइतकेच संकेतांवर अवलंबून असते.

२

या झिजेचे सौंदर्यशास्त्र समजून घेण्यापूर्वी तिचे भौतिक स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीने १९२५ च्या लाइपझिग मेळ्यात लायका कॅमेरा लोकांसमोर आणला. आरंभीच्या या कॅमेऱ्यांच्या धातूवर काळा रंगलेप असे. १९३० च्या दशकात मंद चकाकीचा क्रोम मुलामा रूढ झाला आणि १९५४ मध्ये आलेला लायका एम-३ हा प्रामुख्याने याच रूपात विकला गेला. काळ्या रंगाच्या प्रती त्या मानाने थोड्या होत्या. या कॅमेऱ्यांची वरची आणि तळाची झाकणे पितळेची असत.

ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, म्हणून कडांवर त्याचा थर मुळातच पातळ बसतो. आणि हात, पट्टा, पिशवी यांचा स्पर्शही तेथेच सर्वाधिक होतो. परिणामी तळपट्टीचे कोपरे, पट्टा अडकवण्याच्या कड्यांभोवतीचा भाग आणि फिल्म पुढे सरकवणाऱ्या खटक्याजवळची जागा प्रथम झिजते. काळ्या रंगाखालून पिवळसर धातू उजळत जातो आणि रंग व धातू यांच्या सीमारेषेवर मऊ, गोलसर उतार तयार होतो. जाणकार ज्याला सुंदर झीज म्हणतात ती हीच.

क्रोमचा थर कठीण असतो. तो दीर्घकाळ टिकतो आणि बहुधा नुसता मंद होत जातो. ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमवरील थर धातूच्याच ऑक्साइडचा बनलेला असतो व त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवलेला असतो. तो झिजला की खाली करडी-पांढरी धातू दिसते, पितळेची ऊब दिसत नाही. १९७६ मध्ये आलेल्या कॅनन एई-१ चे वरचे झाकण प्लॅस्टिकचे होते आणि धातूसारखे दिसावे म्हणून त्यावर तसा साज चढवला होता. २०२२ साली आलेल्या लायका एम-११ च्या मूळ दोन रूपांपैकी चंदेरी रूपाचे वरचे झाकण पितळेचे आणि काळ्या रूपाचे ॲल्युमिनियमचे होते. काळे रूप त्यामुळे सुमारे १०० ग्रॅमने हलके झाले. म्हणजे जेथे पितळ होते तेथे ते सहज उघडे पडणार नव्हते, आणि जेथे रंग काळा होता तेथे उघडे पडायला पितळच नव्हते.

या तपशिलांतून एक गोष्ट स्पष्ट होते. सुंदर झीज हा वापराचा अपरिहार्य परिणाम नाही. मऊ रंग, त्याखाली टिकाऊ धातू आणि दोहोंतील रंगविरोध असा विशिष्ट योग जुळून आल्यावरच ती दिसते. तितकाच राबलेला ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा कॅमेरा 'कथा' सांगत नाही, तो फक्त जुना दिसतो. श्रम सारखेच असले तरी सर्व श्रमांना सारखी लिपी मिळत नाही.

३

वापरलेल्या वस्तूच्या गौरवाला युरोपीय आणि आशियाई साहित्यात मोठी परंपरा आहे. 'पातिना' या इटालियन शब्दाची नोंद फिलिप्पो बाल्दिनुच्ची याने १६८१ च्या आपल्या कलाकोशात, काळाने चित्रांवर चढणाऱ्या गडद छटेच्या संदर्भात केली. दिदरोने १७६९ मध्ये आपल्या जुन्या झग्याविषयी लिहिलेल्या निबंधात हा विचार चित्रांवरून रोजच्या वस्तूंवर आणला. त्याच्या जुन्या झग्यावरील शाईचे डाग तो झगा लेखकाचा, कामकरी माणसाचा असल्याचे सांगत होते. नव्या भरजरी झग्यात तो कोणीही रिकामटेकडा श्रीमंत दिसू लागला. डाग म्हणजे सेवेचा दाखला, हे सूत्र येथे प्रथमच इतक्या नेमकेपणाने मांडले गेले.

लायकाचा प्रसार होत होता त्याच दशकात या विचाराला निरनिराळ्या भाषांत एकाच वेळी धार आली, हे विशेष लक्षणीय आहे. १९३३-३४ मध्ये तानिझाकी जुनइचिरो याने 'छायेची स्तुती' या निबंधात, हातांच्या सततच्या स्पर्शाने व तेलकटपणाने वस्तूंवर चढणाऱ्या झिलईचा पुरस्कार केला. पाश्चात्त्य माणूस जे घासून काढतो ते पौर्वात्य माणूस जपतो, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख आहे. ब्रेख्तने याच सुमारास वापरलेल्या, पोचे आलेल्या, अनेक हातांनी गुळगुळीत केलेल्या वस्तूंवर कविता लिहिली. १९३५ मध्ये माद्रिदहून निघणाऱ्या नियतकालिकात पाब्लो नेरुदाने 'अशुद्ध कविते'ची भूमिका मांडताना श्रमाने झिजलेल्या अवजारांनाच कवितेचा आदर्श ठरवले. तानिझाकीचा ओढा परंपरेकडे, ब्रेख्त आणि नेरुदा यांचा श्रमिकांकडे. पण तिघांनाही झिजेत माणसाचा वावर दिसतो.

या समूहात विसंवादी सूरही आहे, आणि तो ब्रेख्तचाच आहे. शहरवासीयांसाठी लिहिलेल्या आपल्या काव्यमालेत त्याने माणसाला स्वतःचा माग पुसत जाण्याचा सल्ला दिला. वॉल्टर बेन्यामिनने १९३३ च्या 'अनुभव आणि दारिद्र्य' या निबंधात त्याचा आधार घेऊन काचेचे कौतुक केले ते याचसाठी, की काचेवर काही टिकत नाही, तिच्यावर माणसाला आपल्या मालकीचा ठसा उमटवता येत नाही. बूर्झ्वा दिवाणखान्यातील खुणांनी भरलेल्या वस्तू बेन्यामिनला गुदमरवणाऱ्या वाटतात. म्हणजे खूण श्रमाची की मालकीची, हा प्रश्न त्या दशकातच उपस्थित झाला होता. कॅमेऱ्यावरील झिजेचे वाचन करताना तोच पुन्हा पुढे येतो.

४

मराठी आणि हिंदी वाक्प्रचारांतील शंका या परंपरेसमोर ठेवून पाहिली, तर तिला निव्वळ नव्याचा सोस म्हणता येत नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याची रीत डोळ्यांच्या सुखासाठी नव्हती. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते; आंबट पदार्थ आणि उघडी धातू यांचा संबंध आरोग्याला घातक ठरतो. त्यामुळे या स्वयंपाकघरात उघडे पितळ काळाची देणगी म्हणून जपले गेले नाही. कल्हईवाल्याला बोलावण्याची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ होता. देवघरातील उपकरणी तर चिंचेने घासून लख्ख करायची असतात. तानिझाकीने पूर्व आणि पश्चिम यांत आखलेली रेघ या घरात टिकत नाही. येथील पूर्व घासणारी आहे.

आलोइस रीगल या ऑस्ट्रियन कलेतिहासकाराने स्मारकांच्या आधुनिक उपासनेविषयी १९०३ मध्ये लिहिलेल्या निबंधातील मूल्यविभागणी या ठिकाणी उपयोगी पडते. काळाच्या दृश्य परिणामांतून येणारे कालमूल्य, विशिष्ट घटनेशी वा व्यक्तीशी जोडलेले इतिहासमूल्य, वस्तू कामास येते म्हणून असलेले उपयोगमूल्य आणि अखंड, कोऱ्या रूपाचे नवतामूल्य ही मूल्ये रीगलच्या मते एकमेकांशी झगडत राहतात. भांड्याच्या बाबतीत उपयोगमूल्य कालमूल्यावर मात करते, म्हणून कल्हई होते. कॅमेऱ्याच्या बाबतीत हा झगडा बाह्यतः मिटलेला दिसतो; कारण बाहेरचा रंग गेल्याने आतल्या यंत्राच्या कामात काही बिघडत नाही. झिजलेला कॅमेरा एकाच वेळी जुना दिसू शकतो आणि अचूक चालू शकतो. त्याच्या झिजेचा आस्वाद निश्चिंतपणे घेता येतो तो या सवलतीमुळेच.

मात्र ही सवलत कॅमेऱ्याच्या सर्व भागांना लागू नाही. भिंगावर चढणारी बुरशी हीदेखील काळाचीच खूण आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत ती सहज वाढते आणि भिंगावरील लेप कुरतडते. तिचे कौतुक कोणी करत नाही. झाइस आयकॉनच्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांत चामडी आवरणाखालचे पितळी रिव्हेट गंजून हिरवट क्षार धरतात आणि चामड्यावर फोड आल्यासारखे उंचवटे उठतात. ही खूण कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यावरही उठते, तिला हाताची गरज नसते. काम बिघडवणारी बुरशी आणि हाताशी संबंध नसलेला गंज वगळल्यावर जे उरते, त्यालाच 'पॅटिना' हा मानाचा शब्द मिळतो. कालमूल्याचा हा आस्वाद काळाविषयी निवडक आहे. त्याला हवा असतो तो हाताने लिहिलेला काळ.

५

हाताने लिहिलेल्या या काळाचा लेखक कोण, हा पुढचा प्रश्न आहे. छायाचित्र हे चिन्हमीमांसेच्या परिभाषेत निर्देशक चिन्ह मानले जाते: समोरच्या वस्तूवरून आलेल्या प्रकाशाने प्रत्यक्ष उमटवलेला ठसा. झीजही त्याच वर्गातील चिन्ह आहे. रोलाँ बार्थने 'ला शांब्र क्लेर' (१९८०) या ग्रंथात छायाचित्रकाराचे खरे इंद्रिय डोळा नसून बोट आहे, अशी सूचना केली आहे. ती स्वीकारली, तर कॅमेऱ्यावर दोन नोंदी एकाच वेळी होत असतात असे म्हणता येईल. फिल्मवर जगाचा ठसा उमटतो, रंगलेपावर बोटाचा. पहिली नोंद क्षणाच्या अंशात पूर्ण होते, तर दुसरीला दशके लागतात.

परंतु या दोन नोंदींत मूलभूत विषमता आहे. छायाचित्र काय पाहिले ते सांगते. झीज केवळ काही पाहिले गेले एवढेच सांगते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ याने ३० जानेवारी १९४८ रोजी गांधींची भेट घेतली आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. त्या संध्याकाळची आणि अंत्ययात्रेची त्याची छायाचित्रे इतिहासाचा भाग आहेत. त्या दिवसांत त्याच्या हातातील कॅमेऱ्याचा एखादा कोपरा किंचित झिजला असेलही. पण दिल्लीतील ती रात्र आणि एखाद्या सहलीची दुपार यांत झीज फरक करू शकत नाही. तिच्याकडे क्रियापद आहे, कर्म नाही. तिच्याकडे कर्ताही नाही, हे हायडेगर आणि मायर शपिरो यांच्यातील प्रसिद्ध वादाच्या आधारे दाखवता येते. व्हान गॉखने रंगवलेल्या झिजलेल्या बुटांत हायडेगरला शेतकरी स्त्रीचे सारे जग दिसले. ते बूट चित्रकाराचे, शहरात राहणाऱ्या माणसाचे होते, असे शपिरोने १९६८ मध्ये प्रतिपादन केले. झीज तीच राहिली आणि तिच्यातून वाचलेले आयुष्य मात्र बदलले.

जुन्या बाजारातून झिजलेला कॅमेरा विकत घेणारा संग्राहक हायडेगरच्याच जागी उभा असतो. त्याला कोपऱ्यांवरील पितळेत युद्धभूमी, आगगाड्या, पावसातील मोर्चे दिसतात. वस्तूवर मात्र यांपैकी काहीही लिहिलेले नसते. म्हणूनच जेथे नाव निश्चित असते तेथे किंमत वेगळ्या पायावर उभी राहते. लायकाचा जनक ओस्कार बार्नाक याचा १९२३ च्या प्रायोगिक मालिकेतील स्वतःचा कॅमेरा २०२२ च्या जूनमध्ये झालेल्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. त्याच्या दृश्यदर्शकावर बार्नाकचे नाव कोरलेले आहे. रीगलच्या भाषेत येथे इतिहासमूल्याने निर्णय दिला. निनावी झिजेला मात्र आपला इतिहास वाचकाकडूनच उसना घ्यावा लागतो.

६

झिजेचा इतिहास अशा रीतीने वाचकच पुरवत असेल, तर झीजही पुरवता येईल, हा बाजाराचा पुढचा तर्क होता. २०१५ मध्ये लायका कंपनीने संगीतकार लेनी क्राविट्झ याच्या आराखड्यानुसार 'कॉरस्पाँडंट' नावाचा १२५ संचांचा मर्यादित गट बाजारात आणला. या डिजिटल कॅमेऱ्यांचा काळा रंग विक्रीपूर्वीच हाताने झिजवून पितळ उघडे करण्यात आले होते. नावाप्रमाणे ही वार्ताहराच्या कॅमेऱ्याची प्रतिमा होती.

या प्रतिमेतील विसंगती वार्ताहराच्या प्रत्यक्ष व्यवहाराशी ताडून पाहिली की उघड होते. कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाच्या चकाकणाऱ्या भागांवर काळी पट्टी चिकटवत असे, कारण गर्दीत कॅमेरा कोणाच्या डोळ्यांत भरू नये अशी त्याची इच्छा होती. काळ्या कॅमेऱ्याकडे वृत्तछायाचित्रकारांचा ओढा होता त्यामागेही हेच कारण सांगितले जाते. या दृष्टीने पितळ उघडे पडणे हा काळ्या रंगाचा पराभव होता. जी चमक लपवायची तीच पुन्हा डोकावू लागे. काम करणाऱ्याला आपला माग पुसायचा होता, आणि झीज त्याच्या इच्छेविरुद्ध तो माग लिहीत गेली. तिचे मोल होते ते या अनिच्छेतच. मुद्दाम झिजवलेला कॅमेरा लपण्यासाठी घडवलेल्या वस्तूला मिरवण्यासाठी घडवतो. दिदरोच्या झग्यावर शिंप्याने आधीच शाईचे डाग पाडून द्यावेत, तसा हा प्रकार आहे.

याचे खापर केवळ बाजाराच्या लबाडीवर फोडणे अपुरे ठरेल. या घटनेमागे कालमानाचे एक खरे संकट आहे. यांत्रिक कॅमेरा दुरुस्त्या करत पिढ्यान्‌पिढ्या चालतो. त्याचा रंग झिजायला लागणारा काळ त्याच्या आयुष्यात सहज मावतो. डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक आणि त्यातील इलेक्ट्रॉनिक भाग मात्र कडांवरचा रंग जाण्याच्या आधीच कालबाह्य ठरतात. कातडी म्हातारी होण्यापूर्वी मेंदू निवृत्त होतो. मोबाइल फोनने तर हा प्रश्नच निकालात काढला आहे. आज बहुसंख्य छायाचित्रे ज्या उपकरणाने काढली जातात ते काचेचे असते, ते आवरणात ठेवले जाते आणि त्याला एक तर ओरखडा उमटतो किंवा तडा जातो. बेन्यामिनने आशेने पाहिलेली काच सर्वांच्या खिशात पोहोचली. पण तिने माणसाला मालकीच्या मोहातून सोडवले नाही, केवळ वस्तू आणि हात यांच्यातील दीर्घ ओळखीचा अवकाश नाहीसा केला. आधीच झिजवलेला कॅमेरा खोटा असला, तरी त्यामागची उणीव खोटी नाही.

७

या ठिकाणी पुन्हा मराठी भाषेकडे वळणे उचित ठरेल. कारण या प्रश्नाचा उलगडा तिच्या व्याकरणात बऱ्याच अंशी दडलेला आहे. 'झिजणे' या क्रियापदाला मराठीत केवळ हानीचा अर्थ नाही. व्यापारात झीज सोसावी लागते, हे खरे. पण चंदनासारखे झिजणे हा परोपकाराचा आदर्शही आहे. जे झिजते त्याचाच सुगंध इतरांपर्यंत पोहोचतो, ही कल्पना मराठी नीतिविचारात खोलवर रुजलेली आहे. 'पितळ उघडे पडणे' आणि 'चंदनासारखे झिजणे' हे प्रयोग एकाच भाषेत नांदतात आणि परस्परांना खोडत नाहीत. एकात थर झिजतो आणि खाली दुसरेच काही सापडते; दुसऱ्यात थर असा नसतोच, बाहेर आणि आत एकच द्रव्य असते. झीज निंद्य की वंद्य हे झिजेवरून ठरत नाही. झिजणाऱ्या वस्तूने आधी काय असल्याचा दावा केला होता, यावरून ते ठरते. काळा लायका आपण सोने असल्याचा दावा करत नव्हता. त्याच्या रंगाखाली पितळ आहे हे कोणापासून लपवलेले नव्हते. म्हणून ते उघडे पडल्याने त्याची नाचक्की होत नाही.

प्रयोजक क्रियापद 'झिजवणे' याचाही येथे विचार करावा लागतो. 'झिजणे' आपोआप घडते म्हणून अस्सल आणि 'झिजवणे' मुद्दाम केले जाते म्हणून कृत्रिम, अशी सोपी विभागणी मराठी वापर मान्य करत नाही. उंबरठे झिजवले जातात, जोडे झिजवले जातात, देहही झिजवला जातो. कचेरीचे उंबरठे झिजवणाऱ्याला उंबरठ्यात रस नसतो, त्याला आपले काम हवे असते. त्याच्या पावलांनी दगडाला खळगा पडतो तो काम होत नाही म्हणून. कर्ता आहे, कृती आहे, परंतु झीज हे त्या कृतीचे साध्य नाही. छायाचित्रकाराने झिजवलेला कॅमेरा याच अर्थाने झिजवलेला असतो. 'कॉरस्पाँडंट' कॅमेऱ्यात मात्र झीज हेच साध्य झाले आणि ज्या कामाचा तो दाखला असायचा ते काम वाक्यातून गळून गेले. असत्य तेथे आहे, कानस कोणाच्या हातात होती यात नाही.

ब्रेख्त, नेरुदा आणि तानिझाकी यांनी झिजलेल्या वस्तूंवर लिहिले ते लक्ष वेधून न घेणाऱ्या वस्तूंकडे लक्ष वेधण्यासाठी. त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य वस्तूच्या या मौनावर उभे होते. झीज स्वतःच बोलू लागली, आपले नाव आणि किंमत सांगू लागली, की कवीसाठी तेथे काही शिल्लक उरत नाही. विकण्यासाठी उघडे केलेले पितळ हे मराठी म्हणीच्या जुन्या अर्थानेच उघडे पडलेले पितळ आहे: वरून अस्सलतेचा मुलामा आणि खाली तिचा अभाव. कोणाच्या तरी हातात कळत-नकळत झिजत गेलेल्या निनावी कॅमेऱ्याच्या कोपऱ्यावरील पितळ त्याहून खूपच कमी सांगते. कोणी तरी पुष्कळ काळ काम केले, एवढेच ते सांगते. पण ते खरे असते.